मीठ हातात द्यायचं नाही

त्रिपुरसुंदरीच्या घरी तंजावरी मराठी, दारी तमिळ आणि पोटासाठी हिंदी. सकाळी ट्रिप्लिकेनमध्ये हिंदीच्या शिकवण्या घेणारी ही पस्तिशीची बाई दुपारी कोडंबाक्कमच्या एका स्टुडिओत दुभाषी म्हणून जायची. १९५८ साली तिथे मुंबईहून आलेला एक दिग्दर्शक चार गोष्टींचा मिळून एक चित्रपट काढत होता. चारही गोष्टींत एकमेकांची भाषा न कळणारी माणसं. पडद्यावर पुरणार नाही म्हणून की काय, सेटवरही तोच कारभार. त्रिपुरसुंदरीला तर सक्त ताकीद होती, बोललं जाईल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

त्या दिवशीचा प्रसंग साधा होता. पंजाबी सून सासरच्या स्वयंपाकघरात मीठ मागते, तमिळ सासू देते. सून झालेली कुलवंत लहानपणी फाळणीत लाहोर सोडून आलेली. सासू झालेल्या अलमेलू मामींचे केस नाटकात काम करता करता पिकलेले. कुलवंतने हात पुढे केला. मामींनी मिठाची वाटी हातात न देता जमिनीवर ठेवली. दिग्दर्शकाने समजावलं, दरडावलं. वाटी प्रत्येक वेळी जमिनीवरच.

"माझा हात यांना चालत नाही," कुलवंत हिंदीत पुटपुटली. तिचा चेहरा पार उतरला होता.

दिग्दर्शकाचा पारा चढला. "सांगा तिला, जमत नसेल तर घरी जा. उद्या दुसरी सासू आणतो."

मामी ताठ उभ्या. एवढ्या उघड गोष्टीचं कारण सांगणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. त्रिपुरसुंदरीला मात्र आईचे शब्द आठवले, "मीठ हातीं देऊं नको गे, भांडण लागतें." आणि तिला सगळ्यांचाच राग आला. एक म्हातारी कामाला मुकणार, एक पोर अपमान गिळून बसणार, का, तर कुणी तोंड उघडत नाही म्हणून. ताकीद गेली खड्ड्यात.

"घरी जा, हे मी सांगणार नाही," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "आधी माझं ऐका. मीठ हातात दिलं की दोघांत भांडण होतं, असं आम्ही मानतो. मामींना या मुलीशी भांडण नको आहे. खोटं खोटंसुद्धा."

"अंधश्रद्धा आहे ही."

"असेल. पण कुलवंतला कळायला हवं."

कुलवंतने मामींकडे पाहिलं. "ठेवू द्या जमिनीवर," ती म्हणाली. "मी उचलीन." त्रिपुरसुंदरीने ते मामींना तमिळमध्ये सांगितलं.

कॅमेरा सुरू झाला. मामींनी वाटी ठेवली, कुलवंतने उचलली. तिचा दुसरा हात मोकळाच होता. मामींनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हात धरायला कुणी सांगितलं?" दिग्दर्शक म्हणाला. "पुन्हा घ्यायचंय. सांगा त्यांना."

"मी नाही सांगायची," त्रिपुरसुंदरी म्हणाली.

मामींनी हात अजून सोडला नव्हता. दिग्दर्शकाने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुढच्या प्रसंगासाठी दिवे हलवायला सांगितले.