बिस्किटची प्रदक्षिणा

"हा गोल कसला?" डीनबाईंनी विचारलं.

पडद्यावर मी ड्रोनने काढलेला फोटो होता. कॅम्पसचं बर्फाने झाकलेलं मैदान. लायब्ररीपासून कॅफेटेरियापर्यंत विद्यार्थ्यांनी तुडवलेली वाट स्वच्छ दिसत होती. फक्त मधोमध त्या वाटेने एका झाडाला पूर्ण प्रदक्षिणा घातली होती.

ही पद्धत मीच सुचवली होती. पुण्यात कॅम्पस आखायचो तेव्हा आम्ही आधी रस्ते बांधायचो, मग पोरं लॉन तुडवायची, मग आम्ही काटेरी तार लावायचो. कॅनडात मास्टर्सला उलटं शिकवलं. आधी माणसांना चालू द्या. ती जिथून चालतील तिथे रस्ता बांधा. अशा वाटेला म्हणतात डिझायर लाइन. विनिपेगमध्ये तर सोपंच, सगळं बर्फावर उमटतं.

"विद्यार्थ्यांना तिथे थांबायचंय, एकमेकांना भेटायचंय," माझा बॉस डग म्हणाला. "तिथे सर्कल करू, बेंच टाकू."

उणे तीसमध्ये भेटायला कोण थांबतंय? पण मी कॉन्ट्रॅक्टवर होतो. हे काम पास झालं तर पर्मनंट, नाही तर पुन्हा दारोदार अप्लाय करणं आलं. सर्कल काढून दिलं.

डोकं मात्र स्वस्थ बसेना. पुढच्या बर्फानंतर सकाळी लवकर लायब्ररीच्या खिडकीत कॉफी घेऊन उभा राहिलो. सगळ्यांत आधी आल्या खुद्द डीनबाई, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, बिस्किटला, घेऊन. बिस्किटने झाड हुंगलं, एक फेरी मारली, पाय वर केला. बाईही मागोमाग फिरल्या. मग हुड ओढून, माना खाली घालून पोरं आली. गुडघाभर बर्फात नवी वाट कोण पाडणार? बाईंच्या पावलांवर पाऊल टाकत एकूण एक पोरगं झाडाला फेरी मारून नाश्त्याला गेलं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता तोंड उघडू नकोस. पर्मनंट हो, मग हरिश्चंद्र हो."

पण ड्रॉइंगवर नाव माझं होतं. शेवटच्या मीटिंगमध्ये डीनबाईंकडे वळून बोललोच.

"मार्गरेट, सॉरी. ते सर्कल विद्यार्थ्यांचं नाही. तुमच्या बिस्किटचं आहे." आणि पाहिलं ते सगळं सांगून टाकलं.

डगने डोळे मिटून घेतले. डीनबाईंनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"बिस्किट मागच्या महिन्यात गेला," त्या म्हणाल्या. "सर्कल राहू दे."

एकमताने पास! मीही पर्मनंट झालो. डगने पाठ थोपटली. "प्रेझेंटेशन असं इमोशनल पाहिजे."

उन्हाळ्यात सर्कल बांधून झालं. हिवाळ्यात बर्फ काढणारं मशीन झाडाला वळसा घालणारा तेवढाच रस्ता साफ करायचं. पोरं कुडकुडत, शिव्या घालत, मेलेल्या कुत्र्याला प्रदक्षिणा घालू लागली. त्या शिव्या मला लागत होत्या.

शेवटी एका सकाळी बर्फ थांबताच, कुणी यायच्या आत, मी लायब्ररीपासून कॅफेटेरियापर्यंत नाकासमोर चालत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. दुपारी ड्रोन उडवला.

"बघा!" मीटिंगमध्ये डग म्हणाला. "विद्यार्थ्यांची गरज बदलली."

सरळ रस्ताही एकमताने पास झाला. झाडाखालचं बेंच तिथेच आहे. त्यावर कधीमधी डीनबाई एकट्या बसतात.

हाताखाली येणाऱ्या नव्या आर्किटेक्टना मी एवढंच सांगतो: लोक कुठून चालतात ते जरूर बघा, पण सगळ्यांत आधी कोण चाललं तेही विचारा. त्या सरळ रस्त्याबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही.