नळी धुतल्याची बाटली

कामशेतच्या फकरुद्दीनभाईंनी तळेगावातल्या आमच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं एकच नळी सांभाळली. वाळूने ठासलेली, वेटोळं घातलेली, साठ फूट लांब, करंगळीहून बारीक. तिच्यात कच्चं तेल भरायचं आणि मागून दाबाने वायू सोडायचा. ज्या दाबाला वायू तेलात मिसळून एकजीव होतो आणि जवळजवळ सगळं तेल बाहेर ढकलतो, तो आकडा तेल कंपनीला कळवायचा. जुन्या विहिरीतलं उरलंसुरलं तेल त्या आकड्याच्या भरवशावर काढतात.

चाचणी झाली की नळीतून द्रावक सोडायचं, ते नितळ येईपर्यंत. तीन तास जातात. शेवटचं द्रावक बाटलीत भरून, चिठ्ठीवर सही करून कपाटात ठेवायचं. भाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. "तुमी चहा प्या जा," म्हणायचे.

एका शनिवारी मात्र त्यांनी नातीला, जन्नतला, भुशी धरणावर न्यायचं कबूल केलं होतं. तासाभरात तोटी बंद केली. बाहेर पडणारं द्रावक अजून तांबूस होतं, म्हणून बाटली सरळ कोऱ्या द्रावकाच्या डब्यातून भरली आणि सही ठोकली. अहवाल टाइप करणारा मी, त्र्यंबक, शेजारीच होतो. ते हसले, मीही हसलो.

सोमवारी कमी दाबालाच भरमसाट तेल निघालं. नळीतलं जुनं तेल त्यात मिसळलं होतं. आकडा बाकीच्या चाचण्यांशी जुळेना. हिशेब ऋचाचा, ती सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. साहेब सगळ्यांदेखत तिच्यावर कडाडले, "हा कमी दाबाचा आकडा कंपनीला गेला असता तर निम्मं तेल जमिनीतच राहिलं असतं! तुम्हाला कायम कशाला करायचं?"

ऋचा म्हणाली, "माझंच चुकलं असेल, सर. भाईंची बाटली बघा, नितळ आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माझं तोंड उघडलं नाही.

भाईंनी कपाटातली बाटली आणून टेबलावर ठेवली. "ही नळीतली न्हाई, सायेब. डब्यातली हाय. मी नळी धुतलीच न्हाई नीट. ताईंचं काय चुकलं न्हाई." मान वर केली नाही. मी पाहिलं होतं, हेही त्यांनी सांगितलं नाही.

ऋचा कायम झाली. भाईंची नोकरीही राहिली. पण आता बाटली भरली की ते तिला हाक मारतात, "ताई, बघून घ्या, मग सही करतो." चोवीस वर्षं कुणी बघायची गरज पडली नव्हती.

ती हाक आली की मी टायपिंग करत असल्याचं दाखवतो.