गुच्छातलं गाजरगवत

विश्रामबागेतले आमचे शेजारी, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, फाटकाची कडी न वाजवता थेट आमच्या अंगणात शिरायचे. गाजरगवतानं हात कोपरापर्यंत खाजून सोललेले, तरी थांबायचं नाव नाही. रोप उपटून माझ्या नाकासमोर धरायचे.

"ह्ये काय हाय?"

"शेवंती असेल."

"डोळं फुटलं का तुमचं? गाजरगवत हाय! फूल यायच्या आत उपटा, कितींदा सांगू?"

माझं डोकं फिरायचं. माझ्याच अंगणात मला दम!

पण कॉलनीतलं सगळं गाजरगवत त्यांनी एकट्यानं काढलं, म्हणून आम्ही त्यांचा सत्कार ठेवला. गुच्छ मीच आणला.

स्टेजवर गुच्छ हातात घेतला आणि ते लालबुंद झाले. गुलाबांमध्ये खोचलेल्या बारीक पांढऱ्या फुलांच्या काड्या त्यांनी एकेक करून उपसल्या आणि सगळ्यांदेखत माझ्या नाकासमोर धरल्या.

"आता सांगा, ह्ये काय हाय?"

"गाजरगवत," मी पुटपुटलो.

त्यांनी सत्काराची शाल अंगावरून ओढून काढली, बी सांडू नये म्हणून काड्या तिच्यात घट्ट बांधल्या, आणि गुलाब माझ्या हातात कोंबून निघून गेले.