आबांचे ताट आणि कुमुदताईंचे उत्तर

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन डॉ. कुमुदताईंनी दौंडला दवाखाना उघडला, तेव्हा मी रक्ततपासणीचे काम शिकून नुकताच बाहेर पडलो होतो. पहिल्या भेटीत त्यांनी एकच विचारले, "म्हाताऱ्या माणसाची शीर सापडते का तुम्हाला?" मी हो म्हणालो. ती थाप दुसऱ्याच दिवशी उघडी पडली. ताई रागावल्या नाहीत. स्वतःचा हात पुढे करून म्हणाल्या, "घ्या, इथे शिका."

ताईंना एका प्रश्नाने पछाडले होते. काही विषाणू लहानपणी अंगात शिरतात आणि जन्मभर तिथेच राहतात. त्यांना दाबून ठेवण्यातच शरीराची ताकद खर्ची पडत असेल, तर म्हातारपणी नव्या आजाराशी झुंजायला ती पुरेल का? म्हणून शिरूर-दौंडकडच्या वृद्धांचे रक्त, त्यांना विचारून, त्या पुण्याला तपासायला पाठवीत.

त्यांतल्या केंदूर गावच्या आबांना अहवाल सांगायला मी एकटाच गेलो. "तुमच्या अंगात विषाणू आहे, तो आता जायचा नाही," एवढेच सांगून परतलो. ते दिवस एड्सच्या धास्तीचे होते. आठवड्याभरात आबांच्या पत्नी, आक्का, दवाखान्यात आल्या.

"बाई, सुनंनं त्यांचं ताट येगळं केलंय. ते जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. काय रोग हाय त्यो?"

मी काय सांगून आलो होतो, ते ताईंना सांगून टाकले. ताई मला घेऊन तडक केंदूरला गेल्या आणि आबांच्या शेजारी बसून त्यांच्याच ताटात जेवल्या. सुनेला म्हणाल्या, "हा तो आजार नव्हे. हा विषाणू माझ्याही अंगात आहे, बहुतेक तुमच्याही. आणि तो आजार असता, तरी ताट वेगळं करायचं कारण नव्हतं. चूक आमची झाली." माझे नाव त्यांनी घेतले नाही.

दोन हिवाळ्यांनंतर धडधाकट आबा न्यूमोनियाने गेले. आक्कांचा अहवाल अगदी तसाच, शिवाय दमा. त्या मात्र आजही शेळ्यांमागे हिंडतात.

"असं कसं वो, बाई?" आबा गेल्यावर आम्ही भेटायला गेलो तेव्हा आक्कांनी विचारले.

ताई म्हणाल्या, "मला कळत नाही, आक्का."

परतीच्या वाटेवर मी गोंधळून विचारले, "मग एवढं रक्त घेतलं कशाला आपण?"

"तेही अजून नीट कळत नाही," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आम्ही पुन्हा नमुने घ्यायला निघालो होतो. मी आजही गोंधळलेलाच आहे.

ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, हे परवा आक्कांना सांगितले. त्या म्हणाल्या, "बाईंस्नी म्हनावं, कळायची घाई करू नगा. लई वर्सं हायती अजून." ताईंना निरोगी दीर्घायुष्य मागताना माझ्याकडे याहून चांगले शब्द नाहीत.