ताई आणि गल्लीतला कोंबडा

कॉलेजने फील्डवर्कसाठी मला शहाडच्या एका शाळेत पाठवलं, तेव्हा तिथल्या समाजसेविका ताईंशी ओळख झाली. शाळा चुकवणाऱ्या मुलांना परत आणायचं, हे त्यांचं काम. साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून त्या चाळीतून फिरतात आणि समोरचा काहीही बोलला तरी "बरं, मग?" एवढंच म्हणतात. मी मात्र पाठ केलेलं भाषण देतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे शिक्षणाचं महत्त्व सांगताना माझा गळा भरून येतो. लोक मला पाणी देतात.

सहावीतली एक मुलगी बरेच दिवस शाळेत येत नव्हती. "कंटाळा येतो," एवढंच म्हणायची. असंच चाललं असतं तर तिची शाळा कायमची सुटली असती. ताई आणि मी तिच्या घरी गेलो. मी दारातच भाषण सुरू केलं, तेवढ्यात गल्लीतला कोंबडा अंगावर धावून आला. ताई किंचाळून माझ्यामागे लपल्या आणि मी त्या मुलीमागे. तिने चप्पल उगारून त्याला पळवलं.

"अगं, मला शाळेपर्यंत सोड," ताई तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या. "परत आला तर?"

ती हसत हसत आली. शाळेच्या फाटकाशी मी हळूच म्हणालो, "ताई, नाटक भारी केलंत."

"नाटक कसलं रे? पाय बघ माझे, अजून लटपटतायत!"

मुलीने ते ऐकलं आणि ताईंकडे दयेने पाहिलं.

"स्टेशनला जाताना पण तीच गल्ली लागते ना? मी वर्गात बसते. शाळा सुटली की सोडते तुम्हाला. उद्या सकाळी पण एकट्या येऊ नका, मी घ्यायला येते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुम्ही पण."