चौथा भाग कुणाकडे आहे?

अन्याय झाला तो माझ्या आईवर. नाव सुनंदा शेलार, राहणार ठाण्यातली आपली कंपनी कॉलनी, सी बिल्डिंग, तळमजला. वेळ: कारखाना बंद झाला त्या वर्षीच्या दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार, संध्याकाळचा भोंगा. आई कादंबरीचा तिसरा भाग काखेत मारून चौथा घ्यायला वाचनालयात गेली, तर दाराला कुलूप. ऑफिसातले साहेब म्हणाले, "पुस्तकांचं नंतर बघू हो." ते 'नंतर' अजून आलेलं नाही.

दिवाळीच्या आधीच आमचा टेम्पो निघाला. कपाट, गॅस, बाबांचा कॅरम बोर्ड, वर दोरीने बांधलेल्या गाद्या. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेली, मांडीवर तिसरा भाग. मागून बाबा ओरडले, "अगं, तो परत करायचा होता ना?"

"कुणाला करू? कुलपाला?"

अशा रीतीने आम्ही ठाणं सोडलं आणि शीळफाट्याच्या पलीकडे, तेव्हा नुसती खडी पसरलेल्या एका रस्त्यावर राहायला गेलो. मी तेव्हा शाळेत होते. भांडायचं कसं ते येत नव्हतं. आता येतं.

हा अंक हातात घेऊन कॉलनीच्या मेळाव्याला बसलेल्या तुम्हा सगळ्यांना ती कादंबरी आठवत असणार. शहाडला गेलेल्यांना, आंबिवलीला गेलेल्यांना, दुबईला गेलेल्यांना, आणि ठाण्यातच राहून आम्हाला "बापरे, तिकडे कुठे गेलात!" म्हणणाऱ्यांनाही. तुमच्या मुलांसाठी सांगते. पुस्तक जुनं, मराठीत अनुवाद केलेलं. मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पानं माझ्या जन्माआधीच गेलेली, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. आपण नुसतं 'साम्राज्य' म्हणायचो. आकाशगंगाभर पसरलेलं एक साम्राज्य हळूहळू मोडतं, एवढीच गोष्ट.

वाचनालय चालवायचे कोलते काका. दिवसा फिटर, संध्याकाळी ग्रंथपाल. एका पुस्तकावर कॉलनीभर भांडणं व्हायला लागली तेव्हा काकांनी ब्लेडने त्याचे चार तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा खाकी कापडात शिवला. एकाच वेळी चार घरांत एक कादंबरी! शनिवारच्या भोंग्याला अदलाबदल. जो भाग हाताला लागेल तो न्यायचा, कुरकुर करायची नाही. त्यामुळे ती कुणीच सरळ वाचली नाही. नळावर ऐकू यायचं,

"अगं, सम्राट गेला गं बिचारा!"

"गप बस! माझ्याकडे आत्ताच गादीवर बसलाय."

माझ्या बाबांच्या हाताला आधी चौथा लागला, मग तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला. त्यामुळे त्यांच्या मते ही एका साम्राज्याच्या उभारणीची गोष्ट आहे. सुरुवातीला सगळा अंधार, मोडकी यानं, आणि शेवटी झगमगाट, दरबार, आतषबाजी. आईने किती वेळा सांगितलं, "अहो, तुम्ही उलटं वाचलंत." बाबा म्हणतात, "असेल. शेवट गोड झाला ना?"

आई मात्र हट्टी. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, याच क्रमाने वाचणार. "आधी अक्षता टाकून मग मुलगी बघायला जायची पद्धत नाही आमच्यात." ज्या शनिवारी हवा तो भाग नसेल त्या शनिवारी ती रिकाम्या हाताने परत यायची. म्हणून तिला एवढा वेळ लागला, आणि म्हणून कुलूप नेमकं तिच्याच वाट्याला आलं.

आता कुणी म्हणेल, एका फाटक्या कादंबरीसाठी एवढा आरडाओरडा? करणारच. त्या पुस्तकात मला खटकणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. हजारो वर्षांनंतरचे शास्त्रज्ञ विड्या फुंकतात. कुणाकडे मोबाइल नाही. लाखो ग्रह, आणि गोष्टीत महत्त्वाची बाई एकच, ती पण सेनापतीची मुलगी म्हणून! यावर मी पत्रक काढू शकते. तरीही ती सुटत नाही. आज संघटनेत माझ्याबरोबर काम करणारी कॉलेजची पोरं फोनवर अशाच जुन्या कादंबऱ्या वाचतात, आणि रस्त्यात खांबाला धडकतात. का?

कारण त्यात सम्राट सगळ्यात शेवटी शहाणा होतो. काठावरच्या ग्रहांना आधी कळतं. तिकडे यानं कमी येऊ लागतात, मग सुटे भाग येत नाहीत, मग दुरुस्तीवाला येत नाही. राजधानीत मात्र मेजवान्या चालूच. आपल्याकडे काय वेगळं झालं? आधी कँटीनची भजी बंद झाली. मग रस्त्यावरचे दिवे गेले ते बदलले नाहीत. मग दवाखान्यातले डॉक्टर यायचे थांबले. भोंगा तेवढा वेळेवर. कोलते काका म्हणायचे, "पडझड झालीय हे भोंग्याला सगळ्यात शेवटी कळणार." आणि बॉयलरवर काम केलेले माझे बाबा पानं उलटत म्हणायचे, "मेंटेनन्स कापलाय यांनी, दुसरं काय! आकाशगंगा असो नाहीतर ठाणं, आधी ग्रीस बंद होतं."

लोक अशा गोष्टींना उदास म्हणतात. साफ चूक. साम्राज्य पडायला फार वेळ लागतो, आणि त्या वेळात माणसं लग्नं करतात, भांडतात, दिवे दुरुस्त करतात. आठवा, कॉलनीच्या शेवटच्या वर्षी कॅरमच्या स्पर्धा कशा रंगलेल्या! पावडर संपली तर डिसिल्वा आंटीने तिची टाल्कम आणून दिली. अख्खं मैदान गुलाबाच्या वासाने भरलेलं, आणि बाबा फायनल हरले ते शिंकून.

आमच्या शीळफाट्यालाही आता टॉवर झाले. आई चौदाव्या मजल्यावरून खाली बघते आणि म्हणते, "दुसऱ्या भागातली राजधानी ती हीच. माती बघायची तर लिफ्टने जा." तिला इथे करमतं, खोटं कशाला बोलू. भाजीवाली तिला नावाने ओळखते, खालच्या बायकांबरोबर ती योगाला जाते. पण सोसायटीत जिम आहे, मिनी थिएटर आहे, कुत्र्यांना फिरायला वेगळी जागा आहे, आणि पुस्तकांना एक फळी नाही. त्यासाठी मी गेटवर पत्रकं वाटली. वॉचमनने एक घेतलं, सेक्रेटरीने उरलेली सगळी जप्त केली. शेवटी लॉबीतलं वापराविना पडलेलं चपलांचं कपाट मिळालं. ते धुतलं, आणि सगळ्यात वर आईने तिसरा भाग ठेवला.

मग मी बाकीचे शोधायला निघाले. पहिला शहाडला कोलते काकांकडेच निघाला, गादीखाली. दुसरा आंबिवलीला डिसिल्वा आंटीकडे. आंटी म्हणाली, "घेऊन जा गो बाय, पण सुनंदाला सांग, त्या सेनापतीवर भरोसा ठेवू नको." आता त्या कपाटात तीन खाकी भाग उभे आहेत, आणि शेजारी एकाची जागा मोकळी. कोलते काका म्हणतात, चौथा आंटीकडे होता. आंटी म्हणते, काकांकडे. खरं म्हणजे चौथा कधी शनिवारची वाट बघायचाच नाही, गॅलरीतून गॅलरीत परस्पर जायचा.

शेवट मला माहीत आहे. बाबांना तर तो सगळ्यांच्या आधी माहीत. पण आईने घरात दम भरलेला आहे, "तोंड उघडलंत तर दोघंही बाहेर जेवा." गेली कित्येक वर्षं बाबा साम्राज्याचा शेवट पोटात ठेवून तिच्यासमोर वरण-भात जेवतायत.

मला विचारलं, तुमचं घर कुठलं, तर आधी मी 'ठाणं' म्हणायचे. आता कॉलनीच्या जागी नव्या संकुलाची कमान आहे, आत सोडत नाहीत. मग काही वर्षं 'शीळफाटा' म्हणताना आवाज खाली जायचा. आता नाही जात. जिथे कुणी हक्काने विचारतं, "तुझ्याकडे कितवा आहे गं?", ते माझं घर. ते शहाडला आहे, आंबिवलीला आहे, चपलांच्या कपाटात आहे.

तेव्हा मागणी एकच. चौथा भाग आपल्यापैकीच कुणाकडे तरी आहे. माळ्यावर असेल, जुन्या सुटकेसमध्ये असेल, दुबईत असेल. हा अंक मिटा, उठा, शोधा. कापड उसवलं असेल तरी चालेल, झुरळांनी कडा खाल्ल्या असतील तरी चालेल. घेऊन या, स्वतः आईच्या हातात द्या. आणि देताना शेवटाबद्दल एक अक्षर बोलू नका.