प्लग काढलेल्या कम्प्युटरचा सायरन

वाघ सुनीतापासून आठ-दहा पावलांवर होता आणि सुनीता वाकलेली होती.

मी मागच्या दारात उभी. ओरडायला तोंड उघडलं... आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे – मोहफुलं वेचताना वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. उभ्या माणसावर तो सहसा येत नाही. आणि माझी सून परसातल्या मोहाखाली त्याच्याकडे पाठ करून वेचत होती.

तेवढ्यात घरात कम्प्युटरचा सायरन वाजला.

सुनीता वैतागून ताडकन सरळ उभी झाली. "आई, बोंबललं पहा ते पुन्हा! तुमीच दाबा ना फुली, माहे हात भरले आहेत."

वाघ थबकला. तिच्याकडे पाहत राहिला – आणि नाल्याकडे वळला. माझं तोंड पाहून सुनीता मागे फिरली, तोवर झुडपात शिरणारी शेपटीच तिला दिसली.

आता ऐका. मी चौथी शिकलेली बाई. आम्ही बौद्ध. भूत, भानामती, अंगात येणं – आमच्या घरात चालत नाही. गावात काहीच्या काही बोललं जातंय, म्हणून लिहिते.

सावली तालुक्यात जंगलाला लागून शेवटचं घर आमचं. कम्प्युटर माझ्या वारलेल्या नवऱ्याचा, रिटायर झाल्यावर ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधून आणलेला. सुनीता त्यावर टायपिंग शिकते. त्यातल्या अँटिव्हायरसची मुदत कधीच संपली. रोज लाल चौकट येते, सायरन वाजतो, आणि कोपऱ्यातली फुली दाबेपर्यंत थांबत नाही. मेकॅनिक म्हणाला होता, "बाई, याच्यात नवीन चालतच नाई. भंगारात द्या." सुनीताची परीक्षा होती, म्हणून दिला नाही.

पण त्या सकाळी गावात लाईट नव्हती. आदल्या संध्याकाळी वाऱ्यानं तार तुटली, ती दुपारी जोडली. लाईट गेल्यावर कम्प्युटर चालवणारा बॅटरीचा डबा दोन वर्षांपूर्वीच फुगला, तेव्हाच फेकला. मी आत जाऊन पाहिलं – सायरन थांबलेला, पडदा काळा, प्लग काढून टेबलावर ठेवलेला. कम्प्युटरच्या डब्याला हात लावला. थंडगार.

मेकॅनिकला सांगितलं, तर म्हणे मोबाईल वाजला असंल. मोबाईल माझ्या कमरेला होता, रात्रीपासून बंद पडलेला.

शेजारची पारबता नारळ घेऊन आली. "तुहा नवराच ओरडला वं बाई, सुनेसाठी."

मी म्हटलं, "जित्तेपणी त्यानं सुनेले जेवली का म्हणून नाई विचारलं. मेल्यावर काऊन ओरडंल? नारळ घरी ने, चटणी कर."

भास म्हणाल, तर मला झाला असेल. मग सुनीता कशानं उभी झाली?

मला माहीत नाही. मेकॅनिकला नाही, पारबतालाही नाही. आणि माहीत नाही म्हणून मी त्या डब्यापुढे हात जोडणार नाही – फडक्यानं पुसते, तेवढंच.

त्या सकाळी परसात आम्ही दोघीच होतो, मी आणि सुनीता. दोघीही जिवंत आहोत.